कॅल्शियम लावलं की उठते, तिसऱ्या दिवशी पुन्हा थरथरते: जास्त मॅग्नेशियमचं खनिज मिश्रण निवडताना

दिवाळीचे फटाके वाजून संपले की आमच्या गोठ्यात एक गाय बसायची, म्हणजे तिला उठताच यायचं नाही. सलग तीन वर्षं हा नेम चुकला नाही. नेवासा तालुक्यात आमची वस्ती, अकरा संकरित गायी, त्यातल्या सात-आठ कायम दुधात. पाऊस चांगला झालेला, विहीर भरलेली, बांधावर आणि अर्ध्या एकरात संकरित नेपियर गवत डोक्याच्या वर. म्हणजे चाऱ्याची ददात नाही, पेंड वेळेवर, खनिज मिश्रणही चालू. तरी गाय बसायचीच.

डॉक्टर यायचे, शिरेतून कॅल्शियम लावायचे, गाय तासाभरात उठून शेण टाकायची. आम्ही चहा पाजून त्यांना वाटेला लावायचो. तिसऱ्या दिवशी तीच गाय गव्हाणीशी उभी राहून थरथरायची. पहिल्या वर्षी दोनदा बाटली लावून निभावलं. दुसऱ्या वर्षी तिसऱ्या वेताची चांदी नावाची गाय दगावली. व्यायल्याला तिला पाच आठवडे झाले होते, आणि तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं की हा नेहमीचा मिल्क फिव्हर, म्हणजे व्याल्यावर कॅल्शियम घसरून गाय बसते तो आजार, नाही. तो बहुतेक वेळा व्याल्यापासून दोन-तीन दिवसांत येतो, पाच आठवड्यांनी नाही.

तिसऱ्या वर्षी गाय बसली तेव्हा नवीन डॉक्टर आले होते. त्यांनी आधी रक्त काढलं, मग बाटली लावली. "बाटली लावल्यावर रक्त घेऊन उपयोग नाही, त्यातच मॅग्नेशियम असतं, रिपोर्ट खोटा येतो," असं म्हणाले. रिपोर्टमध्ये कॅल्शियम ७.४ आणि मॅग्नेशियम १.१ आलं, दोन्ही मिलिग्रॅम प्रति १०० मिली. मॅग्नेशियम साधारण १.८ ते २.४ च्या दरम्यान हवं. तेवढ्या एका आकड्याने तीन वर्षांचा घोळ सुटला. निदान मला तसं वाटलं. पुढे योग्य पावडर निवडण्यात आणखी एक हंगाम गेला, आणि ही पोस्ट मुख्यतः त्या हंगामाबद्दल आहे.

आधी खात्री करा की तुमचा प्रश्न मॅग्नेशियमचाच आहे

मिल्क फिव्हरची गाय थंड पडते. कान गार, मान पोटाकडे वळवलेली, शेण बंद, डोळे निस्तेज. मॅग्नेशियम घसरलेली गाय याच्या उलट. ती ताठ असते. कान टवकारलेले, डोळे वटारलेले, खांद्याची आणि मांडीची कातडी माशी बसल्यासारखी सारखी थरथरते, आणि माशी तर नसते. दात खाते, वरचेवर मुतते, धार काढायला बसलात की एरवी गरीब असलेली गाय लाथ झाडते. पत्रा वाजला, ट्रॅक्टर चालू झाला, कुत्रं भुंकलं की दचकते. पुढची पायरी म्हणजे आडवी पडून पाय झाडणं आणि तोंडाला फेस. तिथून जगणं-मरणं काही वेळा तासाभराचा खेळ असतो.

कॅल्शियमही कमी आणि मॅग्नेशियमही कमी, असं दोन्ही एकत्र फार वेळा दिसतं. मॅग्नेशियम कमी असलं की हाडातलं कॅल्शियम बाहेर काढणारं संप्रेरक नीट काम करत नाही. म्हणून कॅल्शियमची बाटली तात्पुरती काम करते आणि गाय पुन्हा बसते. "कॅल्शियम लागू पडत नाही" असं आपण म्हणतो त्यातल्या बऱ्याच गायींची गोष्ट ही असते.

फेस आणि झटके दिसले म्हणून मॅग्नेशियमच असं धरू नका. धनुर्वात, कोवळ्या ज्वारीची विषबाधा, युरिया जास्त जाणं यातही जनावर असंच तडफडतं, आणि पिसाळलेलं जनावरही. पिसाळल्याची थोडीही शंका असेल तर तोंडात हात घालू नका. झटके येत असताना तोंडाने काही पाजूही नका, ते थेट फुप्फुसात जातं. गर्दी हटवा, आवाज बंद करा, छातीवर बसती ठेवता आली तर दोन्ही बाजूंनी पोती लावा आणि डॉक्टरांना किंवा १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा. मॅग्नेशियमचं इंजेक्शन शिरेतून घाईने गेलं तर हृदय आणि श्वास थांबतो. ते काम डॉक्टरांचंच. मेडिकलमधून बाटली आणून घरच्या घरी लावणारे आमच्याकडेही आहेत, त्यातल्या एकाची गाय सुई काढायच्या आत गेली.

रक्ताबद्दल एक बारीक गोष्ट. नमुना उन्हात, मोटारसायकलच्या डिकीत हिंदकळत नेला तर तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं मॅग्नेशियम बाहेर येतं आणि आकडा चांगला दिसतो. शक्यतो लगेच सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी, वेगळं करून पाठवा. आणि बसलेल्या एकाच गायीचं नको, तिच्या शेजारच्या उभ्या असलेल्या चार-पाच दुधाळ गायींचंही घ्या. आमच्या उभ्या पाच गायींपैकी तीन १.८ च्या खाली होत्या. बाहेरून त्या ठणठणीत होत्या, फक्त दूध एखाद-दुसऱ्या लिटरने उतरलेलं, ते आम्ही थंडीवर ढकललं होतं.

चाऱ्यात मॅग्नेशियम आहे, गायीत नाही

मी चक्रावलो ते इथे. आपली काळी जमीन बेसाल्ट खडकाची, तिच्यात मॅग्नेशियमची टंचाई सहसा नसते. मग गायीत कुठून आली? द्राक्ष-डाळिंबवाले देठ परीक्षण करतात त्याच प्रकारच्या लॅबमध्ये मी नेपियरचा नमुना दिला. मॅग्नेशियम ०.२२ टक्के, कॅल्शियम ०.४२, आणि पोटॅश, म्हणजे पोटॅशियम, ३.६. मॅग्नेशियम काही वाईट नव्हतं. पोटॅशियमने घोटाळा केला होता.

गायीत मॅग्नेशियम शोषलं जातं ते मुख्यतः रुमेनमध्ये, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात. तिथे पोटॅशियम जास्त झालं की पोटाच्या अस्तरातून मॅग्नेशियम आत ओढणारी विजेची ओढच ढिली पडते. ताज्या, कोवळ्या, युरिया मारलेल्या चाऱ्यातून अचानक वाढणारा अमोनियाही तेच करतो. आणि मिठाची, म्हणजे सोडियमची, कमतरता असली तर लाळेत सोडियमच्या जागी पोटॅशियम येतं, म्हणजे गाय स्वतःच स्वतःच्या पोटात पोटॅशियम ओतते. आमच्याकडे ही तिन्ही होती. गोठ्याची स्लरी, म्हणजे शेण-मुताचं पाणी, सगळी नेपियरला, वरून प्रत्येक कापणीला युरिया, आणि मीठ? ते खनिज मिश्रणात असतं असं आम्ही धरून चाललो होतो. पिशवीवर वाचलं तर त्यात मीठ नव्हतं.

याचं एक जुनं गणित आहे. गवतामुळे येणाऱ्या या आजाराचा अभ्यास नेदरलँड्समध्ये फार झाला. तिथल्या संशोधकांनी १९५७ मध्ये दाखवलं की चाऱ्यातल्या पोटॅशियमचं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बेरजेशी प्रमाण २.२ च्या वर गेलं की धोका झपाट्याने वाढतो. हे प्रमाण टक्क्यांवर थेट काढायचं नाही. पोटॅशियमच्या टक्क्याला ०.०३९ ने, कॅल्शियमच्या टक्क्याला ०.०२० ने आणि मॅग्नेशियमच्या टक्क्याला ०.०१२ ने भागायचं, मग पहिल्याला उरलेल्या दोघांच्या बेरजेने भागायचं. आमच्या नेपियरचं: ९२ भागिले (२१ अधिक १८), म्हणजे २.३ च्या वर. त्यांचं गवत वेगळं, हवा वेगळी, पण आकडा पाहून मी नेपियरला स्लरी सोडणं त्याच दिवशी थांबवलं.

आणखी एक हिशोब डॉक्टरांनी गोठ्यातच, पेंडीच्या पोत्यावर खडूने लिहून दाखवला. ५०० किलोच्या गायीच्या पेशींबाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून मॅग्नेशियम असतं सुमारे ३ ग्रॅम. एका लिटर दुधातून जातं सुमारे ०.१२ ग्रॅम, म्हणजे २० लिटरच्या गायीचं रोज २.४ ग्रॅम बाहेर. हाडात २०० ग्रॅमच्या आसपास पडलेलं असतं, पण मोठ्या गायीला ते कॅल्शियमसारखं चटकन काढून वापरता येत नाही. "बँकेत पैसे आहेत, पण चेकबुक नाही," ते म्हणाले. त्यामुळे रोजचं रोज पोटातून यायला हवं. एक-दोन दिवस चुकलं तरी भोवतं.

पिशवीवरचा टक्का आणि पोटात जाणारे ग्रॅम

आता पावडर. दुकानात गेलो, "मॅग्नेशियम जास्त असलेलं द्या" म्हटलं. मिळालेल्या डब्यावर मोठ्या अक्षरात मॅग्नेशियमचं नाव, मागे १२ टक्के. नेहमीच्या खनिज मिश्रणात ५-६ टक्के असतं, म्हणजे हे दुप्पट. आनंदाने आणलं. डोस लिहिला होता रोज ३० ग्रॅम. महिनाभर दिलं. रक्त पुन्हा तपासलं. १.३.

३० ग्रॅमचे १२ टक्के म्हणजे ३.६ ग्रॅम. नेहमीच्या ५ टक्क्यांच्या मिश्रणाच्या ५० ग्रॅममधून जातात २.५ ग्रॅम. म्हणजे एवढा खर्च करून मी एका ग्रॅमची भर घातली होती. २० लिटरच्या गायीला पूर्ण खाद्यातून मिळून रोज ४० ग्रॅमच्या आसपास लागतं, कारण पोटात गेलेल्यापैकी रक्तात पोचतं फार तर पाव भाग, पोटॅश जास्त असेल तर त्याहून कितीतरी कमी. अशा धोक्याच्या दिवसांत वरून पूरक म्हणून २५ ते ३० ग्रॅम मॅग्नेशियम द्यायचा प्रघात आहे. मी देत होतो ३.६.

म्हणून निवडताना टक्का नंतर पाहा. आधी विचारा: दिवसाच्या डोसमध्ये मूळ मॅग्नेशियम किती ग्रॅम? उत्तर देता आलं नाही तर तो डबा ठेवून द्या.

लेबलवर दोन ठिकाणी फसगत होते. काही जण प्रति किलो मिलिग्रॅममध्ये लिहितात. ६०,००० मिलिग्रॅम वाचून डोळे दिपतात, ते प्रत्यक्षात ६ टक्के. दुसरं जास्त फसवं: "मॅग्नेशियम सल्फेट २०० ग्रॅम प्रति किलो." हे क्षाराचं वजन आहे, मॅग्नेशियमचं नाही. त्या क्षारात मॅग्नेशियम दहा टक्केच असतं, म्हणजे किलोत २० ग्रॅम, म्हणजे अवघे २ टक्के. कपाशीवर लाल्या आला, म्हणजे पानं लाल पडली, की फवारतो तोच हा क्षार, त्यामुळे नाव ओळखीचं वाटतं आणि विश्वास बसतो. (आणि हो, फवारणीच्या पोत्यातलं मॅग्नेशियम सल्फेट गायीला घालू नका. खताला चालणारी भेसळ आणि जड धातू पोटाला चालत नाहीत. आमच्या तात्यांचा आग्रह होता की "एकच तर आहे," त्यांना दोन्ही पोत्यांवरची छपाई वाचून दाखवावी लागली.)

ऑक्साइड, सल्फेट, क्लोराइड, आणि नुसती खडीची पूड

पूरक म्हणून परवडतं आणि पुरतं ते मॅग्नेशियम ऑक्साइड. पशुखाद्याच्या दर्जाच्या ऑक्साइडमध्ये ५० ते ५६ टक्के मॅग्नेशियम असतं, म्हणजे ५० ग्रॅममध्येच २५-२८ ग्रॅम झाले. सल्फेटमधून तेवढंच द्यायचं तर रोज पाव किलोहून जास्त घालावं लागेल. त्याने जुलाब होतात आणि गंधक इतकं जातं की तांबं कमी पडायला लागतं. मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये १२ टक्के, विरघळतं छान, शोषलंही जातं, पण कडू जहर आणि हवेतलं पाणी ओढून पिशवीतच चिखल होतो. विण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत सल्फेट किंवा क्लोराइड थोड्या प्रमाणात द्यायला डॉक्टर सांगतात, तो हिशोब वेगळा आणि डॉक्टरांसोबतच करावा.

डोलोमाइट आणि कच्च्या मॅग्नेसाइटची पूड स्वस्त मिळते. कागदावर डोलोमाइटमध्ये १२-१३ टक्के आणि मॅग्नेसाइटमध्ये २७-२८ टक्के. पोटात ती जवळजवळ जशीच्या तशी बाहेर पडते. दगड खाऊ घातल्यासारखं. चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूशी जोडलेलं, म्हणून जे महाग मिळतं त्याचा डोसच पाच-दहा ग्रॅम असतो, त्यामुळे त्यातून ग्रॅम-अर्धा ग्रॅमपेक्षा जास्त जात नाही. जस्त-तांब्यासारख्या, मिलिग्रॅममध्ये लागणाऱ्या खनिजांना ते ठीक. इथे गरज मुठीने आहे, चिमटीने भागत नाही.

चाटण वीट हा तर मला विनोद वाटतो. मॅग्नेशियम कडू, ज्या गायीला सर्वात जास्त गरज ती सर्वात कमी चाटते, आणि एक दांडगी गाय दिवसभर विटेपाशी उभी.

पैशाचा हिशोबही ग्रॅमवर करा. किलोच्या भावाला टक्क्याने आणि वर दहाने भागलं की एका ग्रॅम मॅग्नेशियमचा भाव निघतो. मला पडलेले भाव सांगतो: तो १२ टक्क्यांचा डबा १८० रुपये किलो, म्हणजे ग्रॅमला दीड रुपया. ५४ टक्क्यांचं ऑक्साइड ९० रुपये किलो, म्हणजे ग्रॅमला १७ पैसे. रोज २५ ग्रॅम म्हटलं तर एका गायीमागे एकीकडे साडेसदतीस रुपये, दुसरीकडे सव्वाचार.

पण नेहमीचं खनिज मिश्रण बंद करू नका. ऑक्साइडमध्ये कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, तांबं, आयोडीन यातलं काही नाही. ते मिश्रण चालूच ठेवून हे वेगळं घालायचं. खाण्याच्या सोड्याबरोबर ऑक्साइड असलेलं बफर, म्हणजे पोटातली आंबटता आवरणारं मिश्रण, आधीच देत असाल तर त्यातले ग्रॅमही मोजा.

व्हिनेगरची बाटली

ऑक्साइड आणलं, झालं, असं नाही. दोन दुकानांतून दोन पिशव्या आल्या, दोन्हींवर ५४ टक्के. एक पांढरट, दुसरी पिवळसर तपकिरी आणि हाताला रवाळ. दुकानदार म्हणाला, एकच आहे, खाण वेगळी.

ऑक्साइड बनतं मॅग्नेसाइट दगड भाजून. भारतात तामिळनाडूतलं सेलम आणि उत्तराखंडचा अल्मोडा-पिथौरागडचा पट्टा त्याच्या खाणींसाठी ओळखले जातात. सगळं कौशल्य भाजण्यात आहे. कमी भाजला तर कच्चा दगड राहतो, आणि फार भाजला तर पोलादाच्या भट्टीच्या विटांना लागतं तसं मुर्दाड ऑक्साइड होतं, जे पोटातल्या पाण्यात विरघळतच नाही. फार भाजलेल्याचाही टक्का चांगलाच येतो, कारण लॅब तीव्र आम्लात सगळं विरघळवून मोजते. गायीच्या पहिल्या पोटात ते तीव्र आम्ल नसतं. रवा जाड असेल तर आणखी वाईट.

याला घरी करता येणारी चाचणी आहे. ३ ग्रॅम पावडर झाकणाच्या बरणीत घ्यायची, त्यावर हळूहळू ४० मिली पांढरं व्हिनेगर ओतायचं, झाकण लावून १५ सेकंद हलवायचं. अर्ध्या तासाने पुन्हा हलवून पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितकं आंबट), मोजायचा. व्हिनेगरचा स्वतःचा पीएच २.६ ते २.८. उत्तम ऑक्साइड तो ८.२ पर्यंत चढवतं, अगदी टाकाऊ असेल तर ३.८ वर अडकतं. हे आकडे ५ टक्के आम्लाच्या व्हिनेगरचे आहेत. किराण्यात मिळणारं बरंचसं ४ टक्क्यांचं असतं आणि त्यात पावडर खरी आहे त्याहून चांगली दिसते, म्हणून बाटली फिरवून वाचा. ५ चं नाही मिळालं तर निदान दोन पावडरी एकाच बाटलीतल्या व्हिनेगरमध्ये शेजारी शेजारी लावा.

मी ओट्यावर लोणच्याच्या दोन बरण्या मांडल्या. वजनाला मोबाइलएवढा सोनारकाटा, पीएचच्या पट्ट्या द्राक्षवाल्या मित्राच्या. आई दोनदा येऊन बघून गेली, "हे गायीचं औषध की चायनीजची गाडी?" पांढरी पावडर ओतली तेव्हा बरणी हाताला कोमट लागली. अर्ध्या तासाने पट्टी हिरव्याच्या पुढे, आठच्या घरात. तपकिरी पावडर बरणीच्या तळाशी वाळूसारखी बसली होती, हलवलं की उठायची, पुन्हा बसायची. पट्टी नारिंगी, चार-साडेचार. पिशवीवर दोन्हीकडे तेच ५४. तपकिरी पिशवी परत केली, दुकानदाराने कुरकुर करत घेतली.

ओतताना खूप फसफसलं तर समजा की त्यात कार्बोनेट आहे, म्हणजे अर्धकच्चा दगड किंवा चुनखडीची मिसळ. थोडे बुडबुडे चालतात. इनोसारखं उसळलं तर नको.

गाय खात नाही, हा पुढचा प्रश्न

ऑक्साइडची चव गायीला आवडत नाही, पेंडीवर भुरभुरवलं की गाय फुंकर मारून बाजूला करते. पहिल्या आठवड्यात आमच्या दोन गायींनी पेंडच सोडली, आणि दुधाळ गायीने पेंड सोडणं हे मॅग्नेशियम आणखी खाली नेणारं. म्हणून १५ ग्रॅम पावडरीपासून सुरू करा, आठ-दहा दिवसांत ५० वर न्या, सकाळ-संध्याकाळ अर्धं-अर्धं. भरडा किंचित ओला करून त्यात गुळाचं पाणी, मग पावडर, मग हाताने चोळून. कोरडी पावडर पोत्यात एकदम मिसळून ठेवली तर ती खाली बसते, वरच्या पेंडीत काहीच राहत नाही आणि पोत्याच्या तळाशी कडू लगदा उरतो. आम्ही रोजचं रोज मिसळतो. मापाला खोकल्याच्या औषधाचं टोपण आहे, एकदा काट्यावर तोलून खूण केलेलं. पावडर बदलली की पुन्हा तोलायचं, कारण हलकी आणि जड पावडर एका टोपणात सारखी भरत नाही.

भरड्याचा दुसरा फायदा असा की त्यातल्या पिठूळ भागामुळे अमोनिया कमी साचतो आणि मॅग्नेशियम बरं शोषलं जातं. मीठ रोज ३०-४० ग्रॅम वेगळं घालतो. आणि नेपियर एकटं देणं बंद. अर्धं नेपियर, बाकी मक्याचा मुरघास आणि कडबाकुट्टी. नुसतं हेच केलं असतं तर कदाचित अर्धा प्रश्न पावडरीशिवाय सुटला असता, असं आता वाटतं. फार कोवळं कापूही नका. गुडघ्याएवढ्या लुसलुशीत गवतात पोटॅश आणि नत्र दोन्ही चढलेलं असतं, आणि नेपियरमध्ये ऑक्झॅलेटही, जे कॅल्शियमला बांधून ठेवतं.

शेण पातळ झालं तर डोस जास्त होतोय. खाली आणा. वळू, गोऱ्हे आणि बोकड यांना ही पेंड अजिबात जाऊ देऊ नका. मॅग्नेशियम आणि फॉस्फरस जास्त झालं की त्यांच्या मूत्रमार्गात खडे धरतात आणि लघवी तुंबते. आमचा एक बोकड गव्हाणीत तोंड घालायचा, त्याला दुसऱ्या दाव्याला बांधला. उलट दोन-तीन महिने नुसत्या दुधावर ठेवलेल्या वासरांमध्ये मॅग्नेशियम कमी पडून झटके येऊ शकतात, त्यांना वेळेवर कालवड-पेंड आणि चारा सुरू करा.

पावडर सुरू केल्यावर तीन आठवड्यांनी त्याच पाच गायींचं रक्त घेतलं. चार गायी १.९ ते २.२. पाचवी १.६. तिची गव्हाण कोपऱ्यात, आणि शेजारची तिची पेंड ओढून खाते हे आम्हाला रिपोर्टनंतर दिसलं. मध्ये लोखंडी पाइप लावला.

गेल्या माघात चुलतभावाचं लग्न होतं. घरातले सगळे चार दिवस बाहेर, गोठा गड्याकडे. पेंड, पाणी, धार सगळं त्याने नीट केलं, फक्त टोपण विसरला. आम्ही परतलो त्या संध्याकाळी सोनी गव्हाणीशी उभी होती आणि तिच्या खांद्यावरची कातडी हलत होती. माशी नव्हती. डॉक्टरांना फोन लावून त्यांच्या सांगण्यावरून रात्रीपासून डोस सुरू केला, ते सकाळी येऊन इंजेक्शन देऊन गेले. आता टोपण पेंडीच्या डब्यातच लाल सुतळीने बांधलेलं आहे, आणि आम्ही ते कार्तिकापासून थेट चैत्रापर्यंत काढत नाही. चैत्रात हिरवा चारा आटतो, कडबा वाढतो, तेव्हा आठवडाभरात कमी करत बंद.